ईशान्येचा अंकुर

प्राध्यापक पंढरी वाघचौरे यांना शोध लागला तेव्हा ते जेवायच्या टेबलाशी बसले होते आणि टेबलावर जेवण सोडून सगळं होतं. ताटांच्या जागी फोटो मांडलेले होते. गोल, काळेपांढरे, आणि प्रत्येकात एक मोठी यीस्टची पेशी आणि तिला फुटलेला एक लहानसा अंकुर. डोंबिवलीतल्या त्या घरात टेबल एकच होतं. कलावतीबाई हातात आमटीचं पातेलं घेऊन ते मोकळं व्हायची वाट बघत उभ्या होत्या.

"कलावती, तुला यात काय दिसतं?"

"पातेलं ठेवायला जागा नाही, एवढं दिसतं."

"नीट बघ. अंकुर कुठे फुटलाय?"

"वर. उजवीकडे."

"आणि यात?"

"यातही वर उजवीकडे. त्यातही. त्या कोपऱ्यातल्यातही. आता उचला, आमटी गार होतेय."

वाघचौरे उठून उभे राहिले. माणसाला मोठा शोध लागला की तो उभा राहतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. उभं राहताना त्यांचा धक्का लागून आमटी थोडी सांडली, पण ती सुदैवाने फोटोंवर न सांडता कलावतीबाईंच्या पायावर सांडली. वाघचौऱ्यांनी फोटो सुखरूप आहेत याची खात्री करून घेतली.

वाघचौरे ठाण्याच्या एका कॉलेजात शिकवत आणि यीस्टवर पीएच.डी. करत. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारा, डोळ्यांना न दिसणारा जीव. तो अंकुर फुटून वाढतो. आता गोल वस्तूला डावं-उजवं नसतं, वर-खाली नसतं. तरी पेशी चारी बाजूंनी फुगत बसत नाही. एक जागा निवडते आणि तिथेच वाढते. ती जागा कोण ठरवतं, हा वाघचौऱ्यांचा विषय. विषय चांगला होता, त्यात यीस्टची काहीच चूक नव्हती. पण वाघचौरे त्याला इतकी वर्षं लटकून होते की त्यांचे मार्गदर्शक निवृत्त होऊन नातवंडांना शाळेत सोडायला लागले होते.

मग अचानक घाई झाली, कारण विभागप्रमुखांची खुर्ची रिकामी होणार होती. खुर्ची हिरव्या रेक्झिनची, गोल फिरणारी. प्रमुख तासाला गेले की वाघचौरे तिच्यात बसून एक चक्कर मारून घेत, हे विभागातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. प्राचार्यांनी सांगून टाकलं होतं, "ज्याचा प्रबंध आधी विद्यापीठात जाईल, खुर्ची त्याची." आणि दावेदार दोनच होते. एक वाघचौरे आणि दुसरी त्याच विभागात शिकवणारी मंजुळा तरे.

मंजुळा चेंदणी कोळीवाड्यातली. तिचाही विषय यीस्टच होता. ती रोज मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायची आणि दिसेल ती पेशी पेन्सिलीने कागदावर काढायची. वाघचौऱ्यांना याची भारी गंमत वाटे. "मिस तरे, चित्रकलेची परीक्षा आहे का?" असं ते जाता-येता विचारत. त्यांचं स्वतःचं काम आधुनिक होतं. मायक्रोस्कोपवर कॅमेरा बसवायचा, खटके दाबायचे आणि रोल धुवायला टाकायचा. कॉलेजला डार्करूम होती, पण तिच्यात गॅदरिंगचे पडदे आणि पुठ्ठ्याचं एक वडाचं झाड ठेवलेलं असल्यामुळे माणूस आत शिरू शकत नसे. म्हणून विज्ञानाचे रोल डोंबिवलीला वाघचौऱ्यांच्या इमारतीखालच्या 'पोपट फोटो स्टुडिओ'त जात.

पोपट स्वतःला कलावंत समजे. त्याच्या काचेच्या शोकेसमध्ये निम्मी डोंबिवली लटकलेली होती. खुर्चीत बसलेले बाप आणि त्यांच्या मागे, फोटोत उजव्या हाताला, स्टुलावर उभी केलेली, पावडर थापलेली पोरं. "आपल्या दुकानातून वाकडा फोटो बाहेर जात नाही," असं तो येईल त्याला सांगायचा. रोलमधले बरेच फोटो तो परत देत नसे. "ते खराब गेले, सर," म्हणायचा. वाघचौऱ्यांनी कधी जास्त विचारलं नाही, कारण जेवढे फोटो यायचे ते फार सुबक असायचे.

तर, अंकुर वर उजवीकडे. कॉलेजातलं वाघचौऱ्यांचं टेबल उत्तरेच्या भिंतीला होतं. म्हणजे वरची बाजू उत्तर, उजवी पूर्व, आणि या दोघींच्या मधली दिशा कोणती हे त्या दिवसांत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. नव्वद उलटून तीन-चार वर्षं झाली होती. वास्तुशास्त्राची साथ कल्याणपासून ठाण्यापर्यंत पसरली होती. शिकलीसवरलेली माणसं चांगले भक्कम संडास पाडून दुसऱ्या कोपऱ्यात बांधत होती. जे ज्ञान ऋषींना होतं ते यीस्टलाही आहे, हे वाघचौऱ्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचे डोळे भरून आले. यीस्ट ईशान्येला वाढतं!

दुसऱ्या दिवशी त्यांनी ही बातमी विभागात फोडली. मंजुळाने पेन्सिल खाली ठेवली.

"सर, मायक्रोस्कोपमध्ये उलटं दिसतं ना पण? वरचं खाली, उजवं डावीकडे. मग ती ईशान्य नाही, नैर्ऋत्य झाली."

"फोटोत ते सुलट होतं," वाघचौरे म्हणाले. ते असं होतं की नाही हे त्यांना माहीत नव्हतं, पण आवाज बरोबर लागला.

"मग स्लाइड फिरवून बघा. खरंच दिशा कळत असेल तर फोटोतला अंकुर दुसरीकडे सरकेल."

ही सूचना आपल्याला आधी सुचली असती तर बरं झालं असतं, असं वाघचौऱ्यांना वाटलं. म्हणून ती त्यांना आधी सुचली होती असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी स्लाइड अर्धी फिरवून अख्खा रोल काढला आणि पोपटकडे टाकला. फोटो आले. अंकुर वर उजवीकडे. त्यांनी स्लाइड आडवी लावली. वर उजवीकडे. शेवटी मायक्रोस्कोप पिशवीत घालून डोंबिवलीला आणला आणि स्वैपाकघराच्या ओट्यावर दक्षिणेकडे तोंड करून फोटो काढले. त्या दिवशी घरात स्वैपाक झाला नाही. तरी अंकुर वर उजवीकडेच.

वाघचौऱ्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर इथे घाबरला असता. मायक्रोस्कोप कसाही फिरवला तरी अंकुर फोटोच्या त्याच कोपऱ्यात येतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्याला वाटलं असतं. वाघचौऱ्यांना वाटलं की यीस्ट स्वतःच वळून उभं राहतंय. त्यांनी प्रबंधात तसा परिच्छेदही लिहिला.

"सर, मी रोज डोळ्यांनी बघते," मंजुळा काकुळतीला येऊन म्हणाली. "अंकुर सगळीकडे फुटलेले असतात. तुम्ही एकदा नुसतं बघा तरी."

"डोळा फसतो, मिस तरे. जिवंत पेशी चंचल असते. तिचा अंतिम निर्णय फक्त कॅमेरा टिपतो."

"आणि दोन टोकांना फुटणारे अंकुर? एका जातीत तर ते दिसायलाच हवेत. सगळं जग मानतं."

"माझ्या फोटोंत एकही तसा नाही. जगाला मी काय करू?"

मंजुळा पुन्हा चित्रं काढायला बसली. तिचा प्रबंध अजून अर्धा होता आणि वाघचौऱ्यांचा टायपिंगला गेला होता, हे तिलाही दिसत होतं.

डोंबिवलीच्या एका साप्ताहिकाने 'ठाण्याच्या प्राध्यापकाचा जगाला हादरा' अशी बातमी छापली. जग हादरलं नाही, पण टिटवाळ्याचे गोमाजीशेठ भोईर हादरले. गोमाजीशेठनी वडिलोपार्जित भातशेतीवर चार मजली इमारत बांधली होती आणि तिच्यात अजून कुत्रंसुद्धा राहायला आलं नव्हतं. जमिनीचा आकारच असा होता की दरवाजा नैर्ऋत्येला आला. गिऱ्हाईक यायचं, खिशातून होकायंत्र काढायचं आणि मान हलवून परत स्टेशनकडे चालू पडायचं. गोमाजीशेठ साप्ताहिकाचा अंक घेऊन थेट कॉलेजात आले.

"परफेसर, मना येक सांगा. तुमचा ह्यो जीव ईशान्येला वारतो, ह्या खरा हाय ना?"

"शास्त्रीय सत्य आहे."

"आनि त्याला कुटंय ठेवला तरी?"

"कुठेही. तो आपली ईशान्य आपण शोधतो."

"मंग झाला तं!" गोमाजीशेठनी टेबलावर थाप मारली. "दरवाजा कंय पन असू दे, वारनारा ईशान्येला वारतोच. ह्याच मना पब्लिकला सांगाचाय. तुमी टिटवाल्याला या, भाशान करा. आनि ती दुर्बीन पन आना. लोकांनी आपल्या डोल्यानी बघाला पायजे."

या तर्कात काय चूक आहे हे वाघचौऱ्यांना सांगता आलं नसतं, कारण ती चूक त्यांच्याकडूनच तिकडे गेली होती. शिवाय गोमाजीशेठनी जाता जाता कॉलेजला थंड पाण्याचं मशीन देणगी म्हणून कबूल केलं. प्राचार्य इतके विरघळले की त्यांनी समारंभाचं अध्यक्षपद मागून घेतलं. "वाघचौरे, समारंभ झाला की सोमवारी मी प्रबंधावर सही करतो," ते म्हणाले. "खुर्ची तुमचीच समजा." वाघचौऱ्यांनी त्याच दुपारी जाऊन खुर्ची ईशान्येकडे तोंड करून ठेवली. त्यामुळे निवृत्त होऊ घातलेल्या प्रमुखांना शेवटचे काही दिवस कपाटाकडे बघत बसावं लागलं.

समारंभाला टिटवाळ्यात मांडव पडला. व्यासपीठावर मायक्रोस्कोप, हार घातलेला. शेजारी फळ्यावर पोपटने मोठे करून दिलेले फोटो, सगळ्यांत अंकुर शहाण्यासारखा वर उजवीकडे. पोपट स्वतः सफारी घालून कार्यक्रमाचे फोटो काढायला हजर होता. मंजुळालाही प्राचार्यांनी आणलं होतं, कारण मायक्रोस्कोप नीट लावायला कोणीतरी हवं होतं आणि वाघचौऱ्यांना भाषण करायचं होतं. भाषणात वेद आले, पिरॅमिड आले, चुंबकत्व आलं. कलावतीबाई पहिल्या रांगेत बसून घड्याळाकडे बघत होत्या.

भाषण संपल्यावर लोक रांगेने वर येऊ लागले. पहिला मान गोमाजीशेठचा. त्यांनी एक डोळा मिटून दुसरा लावला. बराच वेळ लावला. मग डोळा बदलला.

"परफेसर, ईशान्य म्हंजे कंची वो?"

"वर उजवीकडे, शेठ."

"वर उजवीकरं येक हाय. खाली दोन हायत. डावीकरं तं लय हायत. आनि ह्या येकाला दोनी टोकांना फुटलेत."

मांडवात हशा पिकला. वाघचौरे हसले नाहीत. "जागा नवीन आहे, प्रवास झालाय, पेशी बिथरल्या आहेत," असं म्हणून त्यांनी मायक्रोस्कोप थोडा फिरवला. मग आणखी थोडा फिरवला. मग स्वतः डोळा लावला, आणि त्यांच्या कपाळावरचं गंध घामाने खाली उतरू लागलं. कित्येक महिन्यांत ते आज पहिल्यांदा आपल्या संशोधनाकडे नीट बघत होते.

"शेठ, ते दिशा बघून वाढतच नाही," मंजुळाला राहवेना. "आधीचा अंकुर सुटला की तिथे वण राहतो. एका जातीत नवा अंकुर त्या वणाला लागूनच फुटतो. दुसरीत दोन्ही टोकांना. आणि जोडीदाराचा वास आला तर मग पेशी त्याच्याच बाजूला लांबते, बाकी सगळं विसरून."

"म्हंजे आमच्या गावासारका!" गोमाजीशेठ खूश होऊन म्हणाले. "बापाच्या घराला लागून पोराचा घर. आनि पोरगी आवरली का पोरगा तिच्याच गावाकरं. ह्याला कशाला दुर्बीन पायजे?" मग त्यांची नजर फळ्यावर गेली. "पन मंग ह्या फोटूंत सगली वर उजवीकरं कशी?"

हा प्रश्न कॉलेजात कोणाला पडला नव्हता. व्यासपीठावरचे सगळे फळ्याकडे बघू लागले. पोपटला मात्र आता दम निघेना. एवढा मोठा जमाव आपल्या फोटोंकडे बघतोय आणि आपलं नाव कोणी घेत नाही, हे त्याला मघापासून खुपत होतं.

"शेठ, ते माझं सेटिंग आहे," तो माइकजवळ सरकून म्हणाला. "सरांनी रोल आणून दिला ना, तेव्हा बघवत नव्हतं. कोणाचं बाळ खाली लटकलंय, कोणाचं डावीकडे, कोणाचं पार पाठीमागे. म्हटलं, सर बिझी माणूस, घाईत काढलेत. असा फोटो दिला तर आपल्या दुकानाचं नाव काय राहणार? मग मी एकेक फिरवून सरळ केला. गोल फोटो आहे, फिरवलेला कळत पण नाय. मोठं माणूस खाली मधे, बारकं वर उजव्या हाताला. फॅमिलीचा फोटो असाच असतो."

"सगळे?" वाघचौऱ्यांनी विचारलं. आवाज अजिबात लागला नाही.

"एक पण सोडला नाय, सर. मधे तर तुम्ही मुद्दाम उलटेच काढून आणलेले. त्या टायमाला रात्री जागून केले. म्हटलं, सरांना कळलं नाय पाहिजे आपण किती मेहनत घेतो."

"आणि खराब गेलेले?" मंजुळाने विचारलं.

"ती जुळी होती ना, दोन टोकांना एकेक? तसली फॅमिली चांगली नाय दिसत. बाजूला काढून ठेवलेली."

यावर मांडव जो हसला तो थांबेचना. प्राचार्य आधी गंभीर होते. मग त्यांना आठवलं की आपण अजून सही केलेली नाही, आणि तेही मोकळेपणाने हसू लागले. वाघचौऱ्यांनी मायक्रोस्कोपवरचा हार काढून घेतला आणि त्याचं काय करायचं ते न कळल्यामुळे हातात धरून बसले.

खरं दुःख गोमाजीशेठना व्हायला हवं होतं. इतका खर्च करून त्यांच्या इमारतीचं नाक कापलं गेलं होतं. पण ते हसत नव्हते आणि रडतही नव्हते. ते पोपटकडे बघत होते.

"काय रं पोपट, तुज्या हातानं बिल्डिंगचा फोटू पन फिरतो काय?"

"बिल्डिंग फिरवली तर आडवी पडेल, शेठ," पोपट म्हणाला. मग त्याने इमारतीकडे कलावंताच्या नजरेने पाहिलं. "पण निगेटिव्ह उलटी टाकली की डावीकडचा दरवाजा उजवीकडे. एकदम ओरिजिनल. फक्त नावाचा बोर्ड लावायच्या आधी काढला पाहिजे, नायतर अक्षरं पण उलटी येतील."

"मंग बोर्ड उद्याच उतरवतो," गोमाजीशेठ म्हणाले आणि पोपटच्या खांद्यावर हात टाकून त्याला इमारतीकडे घेऊन गेले. प्राध्यापकाला निरोप द्यायचा राहूनच गेला. शास्त्राची गरज संपली की लोक शास्त्रज्ञाला चहासुद्धा विचारत नाहीत, याचा वाघचौऱ्यांना त्या दिवशी अनुभव आला. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते वाटणं तरी खरं होतं.

परतीच्या वाटेवर कलावतीबाईंनी एकच वाक्य उच्चारलं. "तरी म्हटलं, पोपटचे फोटो इतके सारखे कसे."

प्रबंध सुटा करावा लागला. बाइंडिंग उसवून वेद, पिरॅमिड आणि स्वतः वळणारं यीस्ट बाहेर काढलं तेव्हा आत उरलेलं आभाराच्या पानासकट एका वहीत मावलं असतं. निगेटिव्ह शाबूत होत्या, पण कोणती स्लाइड कधी कशी फिरवली होती हे वाघचौऱ्यांनाही सांगता येईना. मधल्या काळात मंजुळाची चित्रं पुरी झाली. तिचा प्रबंध आधी विद्यापीठात गेला, आणि खुर्ची तिच्याकडे आली. तिने पहिलं काम केलं ते खुर्ची पुन्हा दाराकडे वळवण्याचं. दुसरं, पुठ्ठ्याचं वडाचं झाड डार्करूममधून बाहेर काढण्याचं.

वर्षअखेरीला विभागाचा ग्रुप फोटो निघाला. फोटोग्राफर बाहेरचा नको असं वाघचौरे म्हणाले होते, पण प्राचार्यांनी पोपटलाच बोलावलं. तो आता गोमाजीशेठ टिटवाळ्यात पहिलीला जोडून बांधत असलेल्या दुसऱ्या इमारतीच्या फोटोंचंही काम बघत होता आणि वेळात वेळ काढून आला होता. कॉलेजच्या पायऱ्यांवर हिरवी खुर्ची आणून ठेवली. मंजुळा तरे तिच्यात मधोमध बसली. वाघचौरे घाईने जाऊन तिच्या शेजारी, पुढच्याच रांगेत उभे राहिले.

पोपटने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि नापसंतीने मान हलवली.

"सर, तिथे नको. तुम्ही मागे या. मागच्या बाकावर चढा. हां. आता थोडे उजवीकडे. अजून थोडे. वर बघा."

वाघचौरे बाकाच्या टोकाला, वर, उजव्या हाताला, एका पायावर तोल सावरत उभे राहिले.

"बस्स!" पोपट म्हणाला. "आता फोटो फिरवायला लागणार नाय."